घर, नोकरी आणि मुलं: खान्देशातल्या नोकरदार आईनं स्वतःची काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं?

सकाळी सात-साडेसातच्या सुमारास जळगावच्या किंवा धुळ्याच्या बसस्थानकावर उभं राहिलं, की एक चित्र रोज दिसतं. खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, तोंडाला स्कार्फ बांधलेल्या बायका गाडीची वाट बघत असतात. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, कुणी आरोग्य केंद्रात नर्स, कुणी बँकेत, कुणी तहसील कार्यालयात. या रोजच्या येण्या-जाण्याला इथे एकच शब्द आहे: 'अप-डाऊन'.

यातल्या अनेकींचा दिवस पहाटे साडेचार-पाचलाच सुरू झालेला असतो. पाणी भरून झालेलं असतं, दोन-तीन डबे भरून झालेले असतात, मुलांचे युनिफॉर्म काढून ठेवलेले असतात. त्याच वेळी गावाकडे दुसऱ्या कितीतरी आया कापूस वेचायला किंवा केळीच्या बागेत कामाला निघालेल्या असतात. त्यांच्या डोक्यावर डब्याचं गाठोडं असतं आणि लहान मूल आजीजवळ किंवा मोठ्या बहिणीजवळ ठेवलेलं असतं.

आणि मोबाइल उघडला, की समोर रील येतं: 'बिझी मॉम्ससाठी सेल्फ-केअर टिप्स'. सुगंधी मेणबत्ती, फेस मास्क, निवांत कॉफी, रविवारचा स्पा.

ज्या बाईला चहा गरम असताना प्यायला मिळत नाही, तिनं या सल्ल्याचं काय करायचं? स्वतःची काळजी घेणं म्हणजे नेमकं काय, त्यासाठी वेळ कुठून आणायचा, आणि त्यातलं कोणतं काम तिचं नसून घराचं, ऑफिसचं आणि सरकारचं आहे? समजून घेऊ.

थोडक्यात

- सेल्फ-केअर म्हणजे ब्युटी पार्लर नव्हे. झोप, जेवण, तपासण्या, मनाचं आरोग्य आणि हक्काची रजा हा त्याचा गाभा आहे.
- सततचा थकवा हा 'बायकांचं असंच असतं' म्हणून सोडून देण्याचा विषय नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला आहे.
- बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.
- मातृत्व रजा, पाळणाघर, बालसंगोपन रजा या सवलती नाहीत, हक्क आहेत.
- कामाची वाटणी झाल्याशिवाय वेळ मिळत नाही. बाकी सगळ्या टिप्स त्यानंतर.

सेल्फ-केअर म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेची 'सेल्फ-केअर'ची व्याख्या रीलमधल्या व्याख्येपेक्षा बरीच वेगळी आहे. आरोग्य चांगलं राखण्याची, आजार टाळण्याची आणि आजारपणाला तोंड देण्याची क्षमता, मग सोबत डॉक्टर-नर्स असोत किंवा नसोत, असा तिचा अर्थ आहे. या व्याख्येत एकट्या व्यक्तीचा उल्लेख नाही. व्यक्ती, कुटुंब आणि समाज या तिघांची ही क्षमता आहे, असं त्यात म्हटलंय.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण आईला सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक टिप्समध्ये गृहीत धरलेलं असतं, की थकलेली ती आहे, तर उपायही तिनंच शोधायचा. म्हणजे आधीच लांबलेल्या कामांच्या यादीत आणखी एक काम: 'स्वतःची काळजी घेणे'.

'बर्नआउट' हा शब्दही हल्ली सर्रास वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. नोकरीच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या, न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम मानला जातो. सतत गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. त्या वर्गीकरणात घरकामाचा ताण धरलेला नाही. आईच्या बाबतीत मात्र नोकरीचा ताण आणि घराचा ताण वेगळे काढता येत नाहीत.

वेळ जातो कुठे?

'बायकांना वेळेचं नियोजन जमत नाही,' असं अनेकदा ऐकायला मिळतं. आकडे वेगळं सांगतात.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. सहा वर्षं आणि त्याहून मोठ्या वयाच्या लोकांना त्यांच्या २४ तासांचा हिशेब विचारला गेला. त्यातून समोर आलेली माहिती अशी:

- घरकाम करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. पुरुष ८८ मिनिटं.
- मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांची देखभाल करणाऱ्या महिला त्यासाठी १३७ मिनिटं देतात. पुरुष ७५ मिनिटं.
- नोकरी-व्यवसाय आणि त्यासंबंधीच्या कामात पुरुष सरासरी ४७३ मिनिटं असतात, तर महिला ३४१ मिनिटं.

२८९ मिनिटं म्हणजे जवळपास पाच तास. या कामाला पगार नाही, रविवार नाही आणि निवृत्तीही नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ मध्ये याला 'सेकंड शिफ्ट' असं नाव दिलं. नोकरीची पहिली पाळी संपवून आलेली बाई घरी दुसरी पाळी सुरू करते, असा त्याचा अर्थ. भुसावळच्या रेल्वेत किंवा जळगावच्या एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. फरक इतकाच, की कारखान्यात पाळी संपल्याचा भोंगा वाजतो. घरात वाजत नाही.

मिनिटांमध्ये न मोजलं जाणारंही एक काम असतं, ते म्हणजे लक्षात ठेवण्याचं काम. गॅस कधी संपेल, बाळाची लस कोणत्या तारखेला आहे, शाळेत उद्या कोणती वही न्यायची आहे, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्यात, नणंदेच्या घरच्या कार्यक्रमाला काय न्यायचं. हात रिकामे असले तरी डोकं रिकामं नसतं. त्यामुळे 'दिवसभर खुर्चीवर तर बसून होतीस' असं म्हणणाऱ्यांना हा थकवा दिसत नाही.

मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या तिकिटात महिलांना ५० टक्के सवलत मिळते. अप-डाऊन करणाऱ्यांचे पैसे त्यामुळे वाचले. प्रवासाचा वेळ मात्र तेवढाच आहे.

आखाजी: खान्देशाला विश्रांती नवीन नाही

सेल्फ-केअर हे शहरी आणि परदेशी खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी आखाजी आठवावी.

अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. वैशाखाच्या ऐन उन्हात हा सण येतो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला भाऊ किंवा घरातलं कुणी जातं. झाडाला झोके बांधले जातात, गौराई बसते, अहिराणी गाणी होतात. पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण होतं. या दिवसांत लेकीनं झोका घ्यायचा, मैत्रिणींना भेटायचं, मनातलं गाण्यातून बोलायचं. सासरचं काम सासरी.

म्हणजे बाईला विश्रांती लागते, तिच्या जोडीच्या बायकांमध्ये मोकळं बोलायची जागा लागते, हे खान्देशानं फार आधी ओळखलं होतं. त्यासाठी पंचांगातली तारीख ठरवून दिली होती.

आखाजीला आणखी एक गोष्ट होते. शेतावरच्या सालदाराचं वर्ष या दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. मागचा हिशेब होतो, पुढच्या वर्षाचा बोलीनं ठराव होतो. म्हणजे शेतातल्या कामाला सुरुवात, शेवट आणि मोबदला ठरलेला असतो. घरातल्या बाईच्या कामाचा असा हिशेब मात्र कोणत्याच सणाला होत नाही.

जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचं नाव आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला आहे. तरुण वयात वैधव्य आलं, पदरात मुलं होती, शेत आणि घर दोन्ही त्यांनी सांभाळलं. लिहिता-वाचता येत नसलेल्या या बाईनं जात्यावर दळताना, शेतात काम करताना गाणी रचली. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या मंडळींनी ती उतरवून घेतली. पुस्तक आलं १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. 'बघा, इतक्या कष्टातही त्या गात होत्या,' असं त्यांचं कौतुक होतं. पण कष्टाच्या कौतुकात कष्ट कमी करायचं राहून जातं, हेही तितकंच खरं.

थकवा म्हणून सोडून देताय? आधी रक्त तपासा

'जिना चढला की धाप लागते', 'सकाळी उठवत नाही', 'केस फार गळतात', 'चिडचिड होते'. या तक्रारींवर घरात मिळणारं उत्तर ठरलेलं असतं: 'काम जास्त झालं असेल.'

असेलही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दोघींमागे एकीहून जास्त. गरोदर नसलेल्या महिलेचं हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी आणि गरोदर महिलेचं ११ पेक्षा कमी असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात.

यामागे पाळीतला जास्तीचा रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणं आणि आहारातली लोहाची कमतरता अशी कारणं असतात. त्यात घरातली एक सवय भर घालते. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं खायचं. भाजी संपली तर भाकरीसोबत चटणी किंवा लोणचं, आणि वर चहा.

काय करता येईल?

- वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासा. थकवा, वजनात बदल, पाळीत गडबड असेल तर डॉक्टरांना थायरॉइडच्या तपासणीबद्दल विचारा.
- बाजरीची भाकरी, मेथी, पालक, कडधान्यं, शेंगदाणे, अळीव आहारात ठेवा. मांसाहार करत असाल तर मटण, कलेजी, अंडी यांचा उपयोग होतो. सोबत लिंबू पिळा. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं.
- जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहामुळे लोह शोषलं जात नाही. मध्ये निदान एक तास जाऊ द्या.
- लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गोळीमुळे शौचाचा रंग काळा होतो, त्यानं घाबरून गोळी बंद करू नका. पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना सांगा.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री-शिरपूरच्या आणि जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल-रावेरच्या आदिवासी भागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. सिकलसेल हा रक्ताचा अनुवांशिक आजार आदिवासी समाजात जास्त आढळतो. त्यातही हिमोग्लोबिन कमीच येतं, पण तो फक्त लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. त्यामुळे या भागातल्या महिलांनी सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात होते.

तीस वर्षांवरील महिलांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी आरोग्य केंद्रांमध्ये करण्याची राष्ट्रीय कार्यक्रमात तरतूद आहे. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केस पेपरचेही पैसे लागत नाहीत.

४४ अंश, आणि पाणी न पिणाऱ्या बायका

एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ, धुळ्याचा पारा ४२-४४ अंशांच्या घरात जातो. डॉक्टर सांगतात भरपूर पाणी प्या. पण अनेक नोकरदार बायका घराबाहेर असताना मुद्दाम कमी पाणी पितात. कारण सगळ्यांना माहीत असतं, फक्त मोठ्यानं बोललं जात नाही: वापरता येईल असं स्वच्छतागृह नसतं.

शेतात काम करणारीला आडोसा नसतो. अप-डाऊन करणारीला दीड-दोन तास बसमध्ये काढायचे असतात. बाजारात दुकानावर काम करणाऱ्या मुलीला आठ-दहा तास जागा सोडता येत नाही.

पाणी कमी पिणं आणि लघवी तासन् तास रोखून धरणं यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. लघवीला जळजळ, वारंवार लागल्यासारखं वाटणं, ओटीपोटात दुखणं ही त्याची लक्षणं. सोबत थंडी-ताप किंवा पाठीत-कंबरेत दुखत असेल, तर संसर्ग किडनीपर्यंत पोहोचलेला असू शकतो. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस घालवू नका. गरोदरपणात तर लगेच दाखवायला हवं.

इथे सेल्फ-केअरची टीप 'पाणी प्या' ही नाही. 'ऑफिसमध्ये, शाळेत, बाजारात, बसस्थानकावर बायकांसाठी पाण्यासह स्वच्छतागृह हवं' ही मागणी आहे. शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामसभा, नगरपालिका, आगारप्रमुख यांच्याकडे ती लेखी करता येते. एकटीनं करण्यापेक्षा दहा जणींनी सही करून केली, तर दुर्लक्ष करणं अवघड जातं.

तोवर हे करता येईल: घरून निघण्याआधी आणि कामावर पोहोचल्यावर लघवीला जाऊन यायचं, दर थोड्या वेळानं घोट-घोट पाणी प्यायचं, डब्यासोबत ताक ठेवायचं. उन्हानं चक्कर, मळमळ, अशक्तपणा वाटला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्यायचं. चमचा चहाचा धरायचा.

बाळ झालं, मग रडू का येतंय?

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत विनाकारण रडू येणं, हळवं होणं हे खूप जणींना होतं. साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप कमी होतं.

पण त्यानंतरही उदासी टिकून असेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, 'मी वाईट आई आहे' असं सतत वाटत असेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के महिलांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो. विकसनशील देशांत हे प्रमाण सुमारे २० टक्के आहे. म्हणजे पाच जणींमागे एक.

आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं मिळतं. 'तुला कसं वाटतंय?' हा प्रश्न मात्र बाळाच्या वजनाच्या चौकशीत हरवून जातो. 'आम्ही नाही का चार-चार पोरं वाढवली?' असं ऐकल्यावर ती पुन्हा बोलत नाही.

नैराश्य हा स्वभावाचा दोष नाही. समुपदेशन आणि गरज असेल तर औषधं यांनी ते बरं होतं. स्तनपान सुरू असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत, ती डॉक्टरच ठरवतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर ही तातडीची वेळ आहे. त्या बाईला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

कुणाशी बोलायचं?

- टेलिमानस: १४४१६. केंद्र सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन. २४ तास सुरू, मराठीतून बोलता येतं.
- जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय इथला मानसोपचार विभाग.
- घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. 'कुणाला कळलं तर' या भीतीपोटी थांबू नका.

रजा: उपकार नव्हे, हक्क

मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रम संहिता लागू झाल्या असून, आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या दुकानं-आस्थापनांतल्या महिलांना त्या लागू होतात. त्याआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं लागतं.

मुख्य मुद्दे असे:

- पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा. त्यानंतरच्या मुलासाठी १२ आठवडे.
- बाळ दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवडे.
- गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची पगारी रजा.
- मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी.
- ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं.
- मातृत्व रजेवर असताना त्या कारणावरून कामावरून काढणं बेकायदा आहे.

५० कर्मचारी मोजताना स्त्री-पुरुष सगळे धरायचे असतात. 'आमच्याकडे बायका चारच आहेत' हे पाळणाघर न देण्याचं कारण होऊ शकत नाही.

राज्य सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून बालसंगोपन रजाही मिळते. संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, पहिल्या दोन मुलांसाठी. मुलाची दहावी-बारावी, मोठं आजारपण अशा वेळी ती घेता येते. 'ती रजा मागितली तर साहेब काय म्हणतील' म्हणून अनेक जणी ती मागतच नाहीत. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच ठेवा.

वडिलांचं काय? खासगी क्षेत्रात पितृत्व रजा देण्याची कायद्यानं सक्ती नाही. बाळ सांभाळणं हे आईचंच काम, ही समजूत कायद्यातही अशी डोकावते.

ज्यांना रजाच नाही, त्यांचं काय?

कापूस वेचणारी, निंदणी करणारी, घरोघरी धुणी-भांडी करणारी, पापड-बिबडे लाटून विकणारी आई या कायद्याच्या बाहेरच राहते. एक दिवस घरी राहिली तर त्या दिवसाची मजुरी जाते.

तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पात्र महिलेला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५ हजार रुपये आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६ हजार रुपये बँक खात्यात जमा होतात. नोंदणी अंगणवाडी किंवा आशा सेविकेमार्फत होते. सहा महिन्यांच्या पगाराच्या तुलनेत ही रक्कम फार थोडी आहे. पण ती तिच्या नावानं येते, त्यामुळे नोंदणी चुकवू नये.

खुद्द आशा सेविकांची गंमत म्हणावी की शोकांतिका, त्या गावातल्या प्रत्येक गरोदर बाईची नोंद ठेवतात, रात्री-अपरात्री तिला दवाखान्यात नेतात. कागदोपत्री मात्र त्या 'स्वयंसेविका' आहेत आणि पगाराऐवजी कामानुसार मोबदला घेतात.

मुलांना सांभाळायचा प्रश्नही इथेच सर्वांत बिकट होतो. अंगणवाडीतलं पूर्वशालेय शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतं आणि तेही दिवसातले काही तास. त्याहून लहान बाळ मग आजीकडे राहतं. आजी नसेल तर मोठ्या बहिणीकडे, आणि तिची शाळा बुडते. केंद्र सरकारच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात ते आहे का, नसेल तर सुरू होऊ शकतं का, हे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे विचारता येतं.

मग आजपासून काय करता येईल?

*आधी वाटणी.* 'मी तुला मदत करतो' हे वाक्य घरातून हद्दपार करा. मदत दुसऱ्याच्या कामात केली जाते. घर दोघांचं आहे. रविवारी बसून कामांची यादी काढा आणि पूर्ण कामं वाटून घ्या. 'सांगितलं तर करीन' अशी अर्धी नव्हे. मुलांचा अभ्यास नवऱ्याकडे असेल, तर वह्या, शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आणि पालकसभाही त्याच्याकडेच. दहा-बारा वर्षांचा मुलगा ताट उचलू शकतो, कपडे घडी करू शकतो. फक्त मुलीलाच सांगू नका.

*झोपेशी तडजोड नको.* मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. पहाटे पाचला उठायचं असेल तर दहाला आडवं व्हायला हवं. त्यासाठी रात्रीची भांडी कुणाकडे तरी जायला हवीत. बाळ रात्री उठत असेल तर पाळ्या लावा.

*सगळ्यांसोबत जेवा.* शेवटी बसलेल्या बाईच्या वाट्याला काय येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. भरीत, वरण-बट्टी, कळण्याची भाकरी, जे काही असेल ते आईच्या ताटातही त्याच वेळी वाढलं जाऊ द्या.

*व्यायामाला जिम लागत नाही.* आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं पुरेसं आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. घरकाम हा व्यायाम आहे, असं सांगून हा अर्धा तास काढून घेऊ देऊ नका.

*काही कामं सोडून द्या.* उन्हाळ्यातलं सगळं वाळवण घरीच व्हायला हवं, असं नाही. बचत गटाकडून पापड-बिबडे विकत घेतले, तर दुसऱ्या एखाद्या आईच्या घरात पैसे जातात. रोज दोन भाज्या केल्या नाहीत म्हणून कुणी वाईट आई होत नाही.

*स्वतःचे पैसे, स्वतःचं खातं.* पगार किंवा मजुरी आपल्या खात्यात येऊ द्या आणि त्याचे व्यवहार स्वतःला माहीत असू द्या. डॉक्टरकडे जाण्यासाठी पैसे मागावे लागले, की जाणं पुढे ढकललं जातं.

*बोलायला जागा हवी.* बचत गटाची बैठक, भजनी मंडळ, अप-डाऊनच्या बसमधल्या मैत्रिणी. आखाजीचा झोका जे करत होता, ते काम या जागा वर्षभर करू शकतात. दर वेळी पाककृती आणि मुलांचे मार्कच बोलायला हवेत असं नाही. 'हल्ली मला बरं वाटत नाही' हेही बोला.

घरातल्या इतरांसाठी एक प्रश्न

या लेखातला बराचसा भाग आईनं वाचून भागणार नाही. तिला यातलं बहुतेक माहीत आहे. रक्त तपासायला जायचं असतं, पण त्या दिवशी मुलाला शाळेतून कोण आणेल, इथे गाडी अडते.

त्यामुळे हा लेख तिला फॉरवर्ड करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: तुमच्या घरातल्या आईची रक्ततपासणी शेवटची कधी झाली? उत्तर माहीत नसेल, तर या आठवड्यातला एक दिवस ठरवा. त्या दिवशीचा डबा, मुलं आणि संध्याकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे घ्या. तिला आरोग्य केंद्रात जाऊन येऊ द्या, आणि येताना घाई करू नकोस, असं सांगा.